चार छप्पन्न

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना गाडीतलं एवढंच कळत होतं, की हॉर्न वाजला की बाजूला व्हायचं. पुढे चाळीस वर्षांत त्यांचे कान असे तयार झाले की रस्त्यावरून एखादा ट्रक नुसता गेला तरी हातातलं काम न थांबवता त्या म्हणायच्या, "याचा क्राऊन रडतोय. महिनाभरात येईल बघा आपल्याकडे." आणि तो यायचा.

वर्कशॉप नवऱ्याचं. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, आणि काकूही परक्यांपुढे मिस्त्रीच म्हणायच्या. काम फक्त एक्सलचं. इंजिन, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, वायरिंग, कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही, हा मिस्त्रींचा नियम होता. "डोळ्याच्या डॉक्टरने दात उपटू नयेत," म्हणायचे. गिऱ्हाईक गयावया करायचं, मिस्त्री, एवढा नट आवळून द्या. हे हसून मान हलवायचे. पत्र्याचं छप्पर, दोन खड्डे, भिंतीला लागून लोखंडी मांडणी, आणि मांडणीवर तेलकट कागदात गुंडाळलेले गिअरचे जोड, बाळंतिणीच्या खोलीत तान्ही पोरं निजवावीत तसे ओळीने निजवलेले.

हे जोड म्हणजेच सगळा मामला. एक्सलच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगवटा असतो, त्याच्या पोटात हे दोघं राहतात. मोठा तो क्राऊन, धाकटा पिनियन. इंजिनाकडून लांब दांडा येतो, तो पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, क्राऊन चाकांना. क्राऊनला एकेचाळीस दात आणि पिनियनला दहा असले, तर दांड्याचे चार फेरे आणि वर एक दशांश झाला की चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे रेशो चार-दहा. आकडा मोठा असेल तर गाडी ओढायला जोरदार आणि उतारावर आवरायला सोपी, पण पळायला जड. आकडा लहान असेल तर सुसाट. याहून जास्त काही त्यात नाही. पण एवढ्यावरच माणसं घाट उतरतात किंवा उतरत नाहीत.

एक्सलच्या बिल्ल्यावर कोरलेल्या आकड्यावर मिस्त्रींचा काडीचा विश्वास नसे. काम झालं की मोजणी व्हायचीच, आणि तिची त्या घरातली रीत वेगळी होती. दोन्ही चाकं लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर, अधांतरी उचलायची. दोन्हींवर खडूची खूण, दांड्यावर खडूची खूण. डाव्या चाकाशी काकू बसायच्या, उजव्याशी मिस्त्री. मध्ये गाडीचं पोट, एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. मग दोघांनी एकाच चालीने आपापलं चाक एक पूर्ण फेरा फिरवायचं आणि दांड्याचे फेरे मोठ्याने मोजायचे. दोघंच का, तर एकट्याने एक चाक पुढे फिरवलं की समोरचं आपोआप मागे फिरतं आणि दांडा जागचा हलत नाही. एक्सलचा तो जातीचा स्वभाव आहे. बाकीचे गॅरेजवाले एक चाक जमिनीला टेकवून दुसऱ्याचे दोन फेरे घेत आणि मोकळे होत. मिस्त्रींना ते पटायचं नाही. "दोन हातांचं जनावर आहे ते. एक हात बांधून ठेवलास तर खरं कसं बोलेल?"

मोजायचं दोघांनी, ठरवायचं मात्र मिस्त्रींनी. कुठला रेशो टाकायचा हे काकूंना कधी विचारलं गेलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. मिस्त्री ड्रायव्हरला दोनच प्रश्न विचारायचे. कुठं जायचंय, आणि किती लवकर पोचायचंय. मग मांडणीवरून एक जोड उचलायचे. तो चुकला असं चाळीस वर्षांत एकाही ड्रायव्हरने म्हटलं नाही. त्यांचा जीव मात्र पळत्या रेशोवर. जरा वाव दिसला की हात लहान आकड्याकडे जायचा. "गाडीला पळू द्यावं," म्हणायचे, "तिला तेवढंच येतं."

तीन वर्षांपूर्वी अशाच एका मोजणीत, दुपारी, काकूंच्या तोंडी तीन आला आणि समोरून तीन आला नाही. हातातलं चाक एकदम हलकं झालं. "अहो, फिरवा की," काकू म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. मग उठून पलीकडे गेल्या. मिस्त्री चाकाला कान लावून बसले होते. काहीतरी ऐकत असल्यासारखे. ऐकायचं सगळं संपलं होतं.

त्यानंतर वर्कशॉप काकू आणि धाकटे दीर चालवत. भाऊजी पोटाने मोठे, मनाने भित्रे आणि तोंडाने अखंड चालू. रेशोचा प्रश्न फारसा यायचाच नाही. जो निघाला तोच नवा घालायचा. तो आला तो चिमीमुळे.

चिमी म्हणजे काकूंची एकुलती एक लेक. नाव चिमी, पण उंची अशी की दारातून येताना मान वाकवावी लागे. वय अडतीस. स्वतःचा ट्रक स्वतः चालवायची. खिंडीपलीकडच्या दरीत एक दवाखाना होता, त्याचं सामान ती नेत असे. गेल्या वर्षी दरड कोसळली, नदी ओलांडायच्या जागी माणसाएवढे धोंडे येऊन पडले, आणि ट्रकचं पोट घासायला लागलं. तेव्हा तिने दुसऱ्या गावच्या पाटेवाल्याकडून गाडी वीतभर उचलून घेतली आणि एकतीस इंचांच्या जागी सदतीस इंची टायर चढवले. गाडी दिसायला झाली हत्ती, चढायला झाली गोगलगाय.

"आई, तिसऱ्यात ओढतच नाही," चिमी म्हणाली. "आणि उतारावर दुसरा गिअर घातला तरी सुटते. सारखा ब्रेक धरून धरून पाय दुखतो."

"सुटणारच," भाऊजी म्हणाले. "आजोबांचा बूट घालून नातू पळाला तर काय होणार? टायर वाढवलेस, रेशो तोच. आणि तुझ्या गाडीला चारही चाकं जोडणारा फोर-व्हीलचा लिव्हर आहे, पण उतारासाठीचा लो गिअर नाही. जे काय आवरायचं ते रेशोनेच."

"मग बदला. परवा पहाटे निघायचंय मला. दवाखान्याचा जनरेटर बसलाय, नवीन न्यायचाय. तीन टन आहे. आणि परवा संध्याकाळपासून खिंड पंधरा दिवस बंद, रस्त्याचं काम आहे. परवा नाही गेले तर पंधरा दिवस तिथली माणसं कंदिलावर."

खिंडीपलीकडचा उतार सगळ्यांना माहीत होता. अकरा वळणं, उजव्या हाताला दरी, आणि सपाट जागा अशी कुठेच नाही.

काकूंनी फरशीवर खडूने गणित मांडलं. एकतीसला चार-दहा, तर सदतीसला किती? उत्तर आलं चार एकोणनव्वद. मांडणीवर त्याच्या सर्वांत जवळचा जोड होता एकोणचाळीसला आठ, म्हणजे चार अठ्ठ्याऐंशी. त्याच्या खालचा एकेचाळीसला नऊ, चार छप्पन्न. पुढच्या आणि मागच्या एक्सलसाठी दोन्हींचे दोन-दोन जोड शिल्लक होते.

"चार छप्पन्न घालू वहिनी," भाऊजी म्हणाले. "सपाटीवर बरी पळेल, डिझेल वाचेल. दादा असता तर त्याने तोच उचलला असता."

काकू फरशीवरच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. ते खरंच होतं. त्यांनी तोच उचलला असता.

"चिमे, तुला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस? बाबा नाहीत तर तू ठरव. मी चालवणारी."

"चार अठ्ठ्याऐंशी," काकू म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा रेशो ठरवला होता.

दोन दिवस दोघं राबले. मागचा एक्सल पहिल्या दिवशी झाला. काकू डावीकडे, भाऊजी उजवीकडे, मोजणी केली. चार फेरे, आणि पाचव्याला दोन बोटं कमी. बरोब्बर. दुसऱ्या दिवशी दुपारी पुढचा झाला. भाऊजी गिअरतेलाचा डबा आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. पुढची दोन्ही चाकं घोड्यांवर होती. काकूंनी खुणा केल्या, आणि भाऊजी येईपर्यंत दांडा मोकळा फिरतोय ना एवढं बघावं म्हणून डाव्या चाकाशी जाऊन बसल्या.

बाहेर ऊन लख्ख होतं. समोरच्या टायरवाल्याकडे हवा भरायचं यंत्र धापा टाकत होतं. काकूंनी चाक हळूच पुढे ढकललं.

दांडा फिरला.

काकू थबकल्या. फिरायला नको होता. समोरचं चाक उलटं जायला हवं होतं आणि दांडा गप्प राहायला हवा होता. त्यांनी पुन्हा ढकललं. दांडा पुन्हा फिरला, सुरेख, संथ. त्यांनी वाकून गाडीच्या पोटाखालून पलीकडे पाहिलं. उजव्या टायरचा खालचा भाग दिसत होता. तो त्यांच्याबरोबर, त्यांच्याच चालीने, पुढे सरकत होता. त्याच्यापलीकडे रिकामी फरशी होती. पाय नव्हते. उन्हाचा पट्टा होता आणि त्यात भाऊजींची विसरलेली किल्ली पडली होती.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. काकूंचे हात थांबले नाहीत. तीन वर्षं ते हात या चालीची वाट बघत होते. खडूची खूण वरून निघाली, आणि काकूंच्या तोंडून आपोआप आलं, "एक." दांडा फिरत राहिला. "दोन." समोरचं चाक नेहमीसारखं एक केसभर पुढे धावत होतं. तीही मिस्त्रींचीच खोड. "तीन." काकूंचा आवाज चिरकला. "चार."

काकूंच्या चाकाची खूण परत वर येऊन थांबली. दांड्याची खूण मात्र साडेचाराच्या जरा पुढे उभी होती.

पाचाला दोन बोटं कमी नाही. साडेचाराच्या जरा पुढे. चार छप्पन्न.

काकूंनी पुन्हा मोजलं. तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच.

भाऊजी डबा घेऊन आले तेव्हा काकू तिथेच बसलेल्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? चक्कर आली का? उन्हाचं पाणी पीत नाही तुम्ही."

"भाऊजी, हे चाक फिरवा."

भाऊजींनी फिरवलं. समोरचं चाक शहाण्यासारखं उलटं गेलं. दांडा जागचा हलला नाही.

"फिरवलं. बक्षीस काय?"

काकूंनी सांगितलं. भाऊजी आधी हसले, मग काकूंच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. "हे बघा, दोन्ही चाकं एकत्र फिरली म्हणजे एकच. आतले छोटे गिअर कुठेतरी अडकतायत. किंवा आधीच्या मालकाने वेल्डिंग मारून ठेवलं असेल."

"कालपासून तुमच्याच हातात आहे ते. वेल्डिंग दिसलं नसतं?"

तरी झाकण उघडलं. काकूंनी बोट फिरवून दात मोजले. क्राऊनला एकोणचाळीस, पिनियनला आठ. आतले छोटे गिअर लोण्यासारखे मोकळे. कुठे चरा नाही, कपची नाही. झाकण लावलं, दोघांनी दोन्हीकडे बसून मोजणी केली. चार फेरे, आणि पाचाला दोन बोटं कमी.

"झालं?" भाऊजींनी हात पुसले. "थकलाय तुम्ही."

"आता तुम्ही तिकडे दाराशी जाऊन उभे राहा. आणि तिथून बघा."

भाऊजी दाराशी गेले. काकूंनी चाक फिरवलं. आणि दारातून भाऊजींना ते दिसलं. उजवं चाक, ज्याच्याजवळ कुणी नव्हतं, वहिनींच्या चाकाबरोबर पुढे फिरत होतं. फेरा पुरा व्हायला हातभर अंतर राहिलं तेव्हा ते थांबलं. ठाम. दांड्याची खूण साडेचाराच्या जरा पुढे.

भाऊजींनी दाराची चौकट धरली.

"दादा आहे," भाऊजी पुटपुटले. "वहिनी, दादा सांगतोय. चार छप्पन्न घाला म्हणतोय."

"कळलं मला."

"मग काढूया हे जोड. दोन्हीकडचे. आत्ता लागलो तर पहाटेपर्यंत होईल. दादाचा रेशो कधी चुकलाय? एकदा तरी? आणि आता तर तो... त्याला तिकडून आपल्यापेक्षा जास्त दिसत असेल."

भाऊजींचं म्हणणं काकूंना अगदी पटत होतं, तीच तर अडचण होती. आयुष्यभर काकूंनी मोजलं होतं आणि मिस्त्रींनी ठरवलं होतं. आज पहिल्यांदा आपण ठरवलं, आणि तीन वर्षं गप्प असलेलं माणूस चूक दाखवायला उठून आलं. चिमीला सांगितलं तर ती नाचतच म्हणेल, बाबा म्हणतात तेच घाला.

त्या फरशीवरच्या गणितापाशी गेल्या. आकडे तिथेच होते. एकतीस, सदतीस, चार एकोणनव्वद. त्यांनी पुन्हा मांडलं. मग तीन टन जनरेटर, दुसरा गिअर आणि तो उतार, असं धरून मांडलं. चार छप्पन्नवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आवरणार नव्हती. हळूहळू वेग धरणार होती, आणि सगळा भार ब्रेकवर येणार होता. हे मिस्त्रींना कळत नव्हतं? ज्या माणसाने शेकडो ट्रक त्या उतारावर धाडले, त्याला?

कळत होतं. चांगलंच कळत होतं.

काकूंना ते दोन प्रश्न आठवले. कुठं जायचंय, आणि किती लवकर पोचायचंय. आणि त्यांच्या मनात जे आलं ते इतकं थंड होतं, की त्यांनी खडू खाली ठेवला आणि पदराने हात पुसले, जणू ते हाताला लागलं होतं.

चिमी मिस्त्रींची लाडकी. पोर जेवल्याशिवाय हे जेवायचे नाहीत. ती लांबच्या फेरीवर गेली की दर तासाला दाराशी यायचे. एकट्याने राहायची त्यांना सवय अशी नव्हतीच कधी. मोजणीसुद्धा ज्याला एकट्याने करवत नसे, तो माणूस तीन वर्षं कुठेतरी एकटा होता.

"भाऊजी, तुम्ही घरी जा."

"आणि तुम्ही?"

"मी जरा बसते. यांच्याशी बोलायचंय."

भाऊजींना थांबायची फारशी हौस नव्हती. ते गेले. जाताना दार मात्र उघडंच ठेवून गेले.

काकू ट्रकमध्ये चढल्या. फोर-व्हीलचा लिव्हर मागे ओढला आणि पहिला गिअर घातला. मागची चाकं जमिनीवर होती, आता इंजिनाकडून येणारा लांब दांडा हलू शकत नव्हता. आता पलीकडच्याने चाक पुढे फिरवलं तर इकडचं मागे फिरणार, आणि इकडचं धरून ठेवलं तर पलीकडचं हलणार नाही. त्या खाली उतरल्या आणि आपल्या जागी बसल्या. नवाकोरा टायर त्यांच्या छातीएवढा उंच होता, रबराचा उग्र वास येत होता. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला मिठी घातली.

"ऐकताय ना," त्या म्हणाल्या. "तो जोड मी ठरवलाय. तो राहणार."

काही क्षण काही नाही. मग टायर त्यांच्या मिठीत सरकला. मागे, पलीकडच्याने पुढे नेल्यासारखा. झटका नव्हता. रागाने ओढलेलं नव्हतं. घरच्या माणसाने ऊठ म्हणून हाताला धरून ओढावं, तशी ती ओढ होती. ओळखीची. त्याचंच काकूंना सर्वांत भय वाटलं, कारण त्यांचे हात सुटू बघत होते. आयुष्यभर त्यांनी या ओढीला कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि पाय फरशीवर रोवले.

ओढ वाढली. टायर इंचभर गेला. काकूंनी गाल रबराला टेकवला, बोटं खोबणीत घातली आणि सगळं अंग उलट्या बाजूला टाकलं. खांद्यातून कळ निघाली. बाहेरून टायरवाल्याने हाक मारली, "काय काकू, एवढं प्रेम कुणावर?" तिकडे बघायचीही त्यांना सोय नव्हती.

"तुम्हाला करमत नाही, मला कळतं," त्या दात आवळून, हळू आवाजात बोलत होत्या, जशा खोलीतलं भांडण बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बोलायच्या. "मलाही करमत नाही. पण तिचं अजून सगळं व्हायचंय. मी येणारच आहे की. कुठं जाणार दुसरीकडे? मला बोलवा. तिला नाही. तिला नाही म्हणजे नाही."

किती वेळ गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. उन्हाचा पट्टा पलीकडच्या भिंतीवर चढला होता. मग हातातली ओढ ढिली पडली. टायर त्यांच्या अंगावर परत आला आणि थांबला. पलीकडून काही आवाज झाला नाही, कुणी उठल्याचा नाही, गेल्याचा नाही. पण थोड्या वेळाने काकूंनी गिअर काढून, फोर-व्हील मोकळं करून चाक फिरवून बघितलं, तेव्हा समोरचं चाक उलटं गेलं. कुठल्याही ट्रकचं जातं तसं.

घोड्या काढून गाडी खाली टेकवली. संध्याकाळी चिमी आली, तिने जनरेटर चढवून घेतला. काकूंनी तिला एवढंच सांगितलं, "खिंडीतून खाली उतरताना फोर-व्हील लाव, दुसरा गिअर. इंजिन कितीही ओरडू दे, काहीही होऊ दे, तळाला पोचेपर्यंत दुसरा सोडायचा नाही. घे माझी शपथ."

"अगं, शपथ काय? नाही सोडणार. तुझ्या गालाला काळं काय लागलंय?"

"काम केलं दोन दिवस. लागणारच."

पहाटे चिमी गेली. भाऊजी सकाळी आले तेव्हा मांडणीवरचे चार छप्पन्नचे दोन्ही जोड जागच्या जागी होते. ते त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही बदलले नाहीत."

"नाही."

"दादाने सांगूनसुद्धा?"

"त्यांनी सांगूनसुद्धा."

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये काम असं झालंच नाही. भाऊजी एकच बेअरिंग चार वेळा धुवून बसले. दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. काकूंचे हात तेलाचे होते, म्हणून भाऊजींनी स्पीकर लावून तो बाकावर ठेवला.

"आई, पोचले." चिमीचा आवाज दमलेला, पण धडधाकट होता. "जनरेटर उतरवला. आई, ब्रेक गेला होता माझा."

"काय?"

"चौथ्या वळणावर. पॅडल एकदम खाली. गाडी उचलली तेव्हा पाटेवाल्याने पुढचा ब्रेकचा पाईप लांबवलाच नव्हता, तो ताणून ताणून फाटला. आणि आपण तर एक्सलशिवाय कशाकडे बघत नाही ना. सात वळणं ब्रेकशिवाय उतरले. नुसता दुसरा गिअर. इंजिन असं बोंबलत होतं की वाटलं फुटतंय. पण गाडी सुटली नाही. जरा जरी पळती असती ना आई, जरा जरी, तर पाचव्यालाच दरीत होते."

भाऊजींनी काकूंकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी नुसता हात वर केला, आणि ते गप्प बसले.

"ऐकतेयस ना?" चिमी म्हणत होती. "आणखी एक सांगू? हसू नकोस. मला सबंध उतारभर वाटत होतं, बाबा शेजारी बसलेत. अगदी शेजारच्या सीटवर. इतकं खरं की मी दोनदा वळून बघितलं. भीती अशी वाटलीच नाही. फक्त हात सारखा तिसऱ्याकडे जात होता, का कुणास ठाऊक. दोनदा तर गिअरच्या दांड्यावर जाऊन बसला. पण मग तुझी शपथ आठवली." तिने नाक ओढलं. "बाबांनीच राखलं ना गं मला?"

बाहेर टायरवाल्याचं यंत्र बंद झालं.

"हो," काकू म्हणाल्या. "त्यांनीच."

"मला वाटलंच. पाईप बदलतायत इथे. खिंड बंद व्हायच्या आत चढते वर, रात्रीपर्यंत घरी."

"चिमे."

"काय?"

"येताना शेजारची सीट रिकामी ठेवू नकोस."

"म्हणजे? सामान काही नाहीये आता."

"दवाखान्यात माग. खोकी असतील, पोती असतील. दगड भर हवं तर. पण त्या सीटवर माणूस बसेल एवढी जागा ठेवू नकोस."